रस्त्याच्या मध्यापासून

आमचं घर सोलापुरात, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा प्लॉट घेतला तेव्हा नातेवाइकांना त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. दोन्ही बाजूंनी वारा, दोन्ही बाजूंनी रस्ता. अण्णा मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होते, कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे जबाबदारी. ते आरेखक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचे नकाशे काढण्यात घालवली, आणि स्वतःचं घर बांधताना सर्वांत जास्त विचार केला तो कंपाउंडच्या भिंतीचा.

कंपाउंडच्या भिंतीला नियम असतो हे पुष्कळांना माहीत नसतं. मला तो शाळेत असतानाच पाठ झाला होता. इतर घरांना भरीव भिंत छातीपर्यंत चालते. पण कोपऱ्यावरच्या घराला, वळणाच्या दोन्ही बाजूंना, पाऊण मीटरच्या वर भरीव काही बांधायचं नाही. वर हवी तर जाळी लावा, आरपार दिसलं पाहिजे. आणि हा पाऊण मीटर मोजायचा तो रस्त्याच्या मध्यापासून. अण्णा या शेवटच्या वाक्यावर नेहमी थोडं थांबत. आपल्या अंगणातून मोजायचं नाही, रस्त्याच्या मध्यापासून मोजायचं. भिंत आपली असली तरी तिची उंची आपली नाही, ती जाणाऱ्या-येणाऱ्यांची आहे, असं ते म्हणत.

भिंतीचं काम चालू असताना त्यांनी मला एकदा फाटकापाशी उभं केलं आणि स्वतः सायकल घेऊन पलीकडच्या रस्त्यावर गेले. तिकडून वळणावर येताना ओरडले, "मी कुठपर्यंत दिसतोय?"

"गुडघ्यापर्यंत," मी म्हणाले.

परत गेले, परत आले. असं तीनदा केलं. गवंडी थापी हातात धरून हे सगळं पाहत होता. "साहेब, पोरगीला दिसलात, मला दिसलात, समद्या गल्लीला दिसलात. आता बांधू का?" तो म्हणाला. अण्णा हसले नाहीत. खिशातून पट्टी काढून त्यांनी शेवटचा थर पुन्हा मोजला.

अशी आमची अडीच फुटांची भिंत झाली. जाळी त्यांनी लावलीच नाही. जाळीत उडून आलेल्या कॅरीबॅगा अडकतात, असं त्यांचं मत होतं. शेजारीपाजारी हळूहळू उंच भिंती झाल्या, कुणी वर काचा रोवल्या, कुणी ग्रॅनाइट लावलं. आमच्या अंगणात मात्र कुणीही चालता चालता डोकवावं. शेळ्या पुढचे पाय भिंतीवर टेकवून आईची जास्वंद खात. आई आतून लाटणं घेऊन धावे. ती मोडनिंबच्या बाजूची, शेतातल्या घरातली. शेळीला शिव्या द्यायच्या तर तिच्याकडे भांडवल मोठं होतं. आजही मला ती आठवते ती भिंतीलगत टाकलेल्या पाटावर, मांडीत सूप, पुढ्यात शेंगा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलणारी. थंडीतल्या उन्हात ती तिथं तासन्‌तास बसे. तिला माणसांची फार हौस, असं आम्ही दोघं भावंडं समजत आलो.

पुढं रस्ता वाढू लागला. रुंदीला नव्हे, उंचीला. दर काही वर्षांनी ठेकेदाराची माणसं येत, जुना रस्ता न खरवडताच त्यावर खडी टाकत, त्यावर डांबर ओतत, रोलर फिरवून निघून जात. प्रत्येक थराबरोबर रस्ता तीन-चार बोटं वर येई आणि आमची भिंत तेवढीच खाली जाई. अण्णा दरवेळी नवं डांबर थंड झालं की पट्टी घेऊन बाहेर पडत, मोजत, आणि फाटकाच्या खांबावर आतल्या बाजूनं पेन्सिलनं एक रेघ मारत. आम्हा भावंडांची उंची घरातल्या दारावर होती, रस्त्याची फाटकावर.

पावसात रस्त्याचं पाणी अंगणात शिरू लागलं. शेळ्यांना आता पाय टेकवायची गरज उरली नाही, त्या सरळ उडी मारून आत येत. आई वैतागून म्हणे, "अवो, दोन थर वाढवा की त्या भिंतीला. लोकं मला असं बघत जात्यात, जसं काय मी दुकानात मांडलीया."

"चूक रस्त्याची आहे," अण्णा म्हणत. "भिंतीनं का सुधारायचं?"

त्यांचं म्हणणं असं, की जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकायचा नसतो. त्यावर त्यांनी महापालिकेला सुंदर अक्षरात अर्ज लिहिले. एकाला उत्तर आलं, की विषयाची नोंद घेतली आहे. ते पत्र त्यांनी फाइलला लावलं आणि रस्ता खाली यायची वाट पाहत राहिले. आपण भिंत वाढवली तर रस्ता बरोबर होता असं कबूल केल्यासारखं होईल, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. नियमाचा असा अर्थ लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटे. आईला काय वाटे, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अण्णा गेले. फार दिवस अंथरुणावर नव्हते. त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

आई तेव्हापासून अंगणात बसेनाशी झाली. थंडी पडली, सोलापुरात वर्षातून दीड-दोन महिने मिळतं ते मऊ ऊन पडलं, तरी ती स्वयंपाकघरात, मोरीशेजारच्या ओल्या कोपऱ्यात बसून राही. गुडघे धरले होते. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या देतो, पण रोज सकाळी तासभर उन्हात बसल्याशिवाय हाडं ऐकणार नाहीत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. सकाळी निघण्याआधी तिचा पाट भिंतीलगत टाकून जायची. संध्याकाळी आले की पाट तसाच, त्यावर कडुलिंबाची पानं पडलेली. मला वाटलं, अण्णांची खुर्ची समोर रिकामी दिसते म्हणून ती बाहेर येत नाही. मी खुर्ची आत आणली. तरी नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला वेगळी काळजी होती. दोन बायका, कोपऱ्यावरचं घर, आणि भिंत कशी, तर लहान पोरानं ओलांडावी अशी. दर रविवारी फोनवर आमचा एकच वाद.

"ताई, सहा फुटी रेडीमेड कंपाउंड एका दिवसात उभं राहतं. खांब रोवायचे, फळ्या सरकवायच्या."

"कोपऱ्याला चालत नाही."

"चोर काय टेप घेऊन येतो का? आपल्या रस्त्यावर एक तरी भिंत नियमात आहे का, सांग."

"एक आहे," मी म्हणायची.

मला ठाऊक होतं, की तो चुकीचं बोलत नाही. पण त्या भिंतीला हात लावायचा म्हणजे अण्णांचं रस्त्याशी चाललेलं भांडण त्यांच्या मागं मी हरायचं. शिवाय माझ्याकडं दुसरं कारण होतं, आणि ते मला फार बळकट वाटे: सहा फुटी भिंत झाली तर आईला माणसं दिसायची बंद होतील. एवढ्या वर्षांची तिची सवय. अशानं ती कधीच बाहेर बसणार नाही.

डिसेंबरात तो दोन दिवस आला. येताना फळ्यांच्या कंपाउंडची रंगीत पत्रकं घेऊन आला. जेवताना आम्ही पुन्हा सुरू झालो. तो चोरांबद्दल बोलत होता, मी आईबद्दल. आई कडक भाकरीचा तुकडा आमटीत मोडत होती. ती दोघांकडं न बघता म्हणाली, "बांदा की भिंत."

मी म्हणाले, "अगं, पण तुला माणसांशी बोलायला..."

"कोण म्हनलं तुला, मला बोलायचं हाय म्हनून?" तिनं भाकरी खाली ठेवली. "बसलं की येतंय कोन तरी. बारा दिवसात आलं न्हाय ते भिंतीवरनं दुखवटा करतंय. रोज नवं मानूस. 'कसं झालं वो? रात्री काय खाल्लं हुतं? डाक्टर काय म्हनला?' मी परत पहिल्यापास्नं सांगायचं. सांगताना रडले न्हाय तर बघत्यात तोंडाकडं. आन रडावं वाटतंय तवा भाजीवाला हुबा."

भाऊ म्हणाला, "मग घरात रडायचं ना आई."

"घरात ही असती की," आईनं माझ्याकडं बोट केलं. "जरा डोळं पुसले की पानी आनती, गोळी आनती. लई गुनाची हाय. पन सुकानं बसू देत न्हाय."

भावानं पत्रकं हळूच घडी करून खिशात ठेवली. मी विचारलं, "आणि अण्णा असताना? तेव्हा तर तू रोज बसायचीस."

"तवा ते बसत हुते की समोर. मानूस आलं की तेच बोलायचे नियमाचं. मानूस आपसूक निगून जायाचं."

अण्णा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली, आणि मग आम्हीही.

म्हणजे प्रश्न आता साधा आणि अवघड होता. आईला उन्हात बसायला आडोसा हवा. आणि आडोसा भरीवच लागतो, जाळीचा होत नाही. त्या रात्री मी नियमांची ती प्रत काढली, जिच्यात अण्णांनी समासात बारीक अक्षरात खुणा केल्या होत्या. मी पळवाट शोधत होते हे कबूल करते. पळवाट कुठं नव्हती. कोपऱ्यापाशी पाऊण मीटर, रस्त्याच्या मध्यापासून. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला फाटकाच्या खांबावरच्या रेघा आठवल्या.

रस्ता सव्वा फूट वर आला होता. म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून आमची भिंत अडीच फूट राहिलीच नव्हती, सव्वा फुटावर आली होती. जितका रस्ता चढला तितकी भिंत चढवायला नियमाची ना नव्हती. कधीच नव्हती. हे अण्णांना माझ्यापेक्षा आधी कळलेलं असणार. रेघा त्यांनीच मारल्या होत्या. त्यांना भिंत वाढवायचा हक्क होता, आणि त्यांनी तो रस्त्यावरच्या रागापायी इतकी वर्षं वापरला नाही, आणि आई शेळ्या हाकत बसली. मला त्यांचा राग आला. ते गेल्यानंतर आलेला तो पहिला राग, आणि सांगायला विचित्र वाटतं, पण त्यानं मला थोडं बरं वाटलं. जिवंत माणसावर रागवावं तसा तो होता.

या वेळचे गवंडी अक्कलकोटकडचे, वय झालेले, घरी कानडी बोलणारे. आईला ते अव्वा म्हणत. मी त्यांना सांगितलं, की आधी माप घ्यायचं आहे, तेही रस्त्याच्या मध्यापासून. त्यांनी माझ्याकडं जरा दयेनं पाहिलं.

"बाई, भिंत तुमची, अंगण तुमचं. मधी रस्ता कशाला?"

"असंच मोजायचं असतं."

"बरं. धरा मग ही नळी."

गवंड्यांकडं पारदर्शक लांब नळी असते. तिच्यात पाणी भरतात. दोन टोकं कितीही लांब नेली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत राहतं. एक टोक त्यांनी भिंतीशी धरलं आणि दुसरं घेऊन मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. सकाळची नवाची वेळ. शाळेची रिक्षा, दुधाच्या गाड्या, टू-व्हीलरवरचे लोक, सगळे मला वळसा घालून जात होते.

"काय ओ मॅडम, सलाइन लावलं का रोडला?" एक रिक्षावाला म्हणाला.

"पेशंट सीरियस हाय," मागून दुसरा.

मी आयुष्यात रस्त्याच्या मधोमध कधी उभी राहिले नव्हते. ग्रंथालयातसुद्धा मी भिंतीकडेच्या टेबलाशी बसते. पण नळी हलली की पाणी हलतं, म्हणून हलता येईना. समोरच्या घरातल्या काकू गॅलरीतून हे पाहत होत्या. त्यांनी तिथून आईला हाक मारली, "अक्का, तुमची लेक ट्रॅफिक पोलीस झाली की वो!"

आई दारातून म्हणाली, "बापावर गेलीया, काय करता!"

गवंड्यांनी भिंतीवर खडूनं खूण केली आणि पट्टी लावली. मग मला बोलावून दाखवलं. "चार थर बसतंय. वरती कोपिंगची सिमेंट-टोपी. त्याच्यावर एक बोट जास्त नाही. बघा, मी पण कायदा शिकलो."

मी परवानगीसाठी महापालिकेतही गेले. टेबलामागच्या माणसानं माझा हातानं काढलेला नकाशा उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, लोक सहा-सात फूट बांधतात आणि येत नाहीत. तुम्ही चार थरांसाठी आलात?" मी म्हणाले, हो. तो नकाशा बघत राहिला, मग खाली कोपऱ्यात लिहिलेली मापं बघून म्हणाला, "अशी अक्षरं आता कुणी काढत नाही." ती मी अण्णांच्या पेननं, त्यांच्यासारखी काढायचा प्रयत्न केला होता.

काम तीन दिवसांत झालं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी हात मोकळे हवेत म्हणून गवंडी घाईत होते. पहिला थर बसताना मी घरात थांबले नाही, कामावर गेले. संध्याकाळी येऊन पाहिलं तर जुन्या भिंतीवर नवी लाल विटांची ओळ फार उपरी दिसत होती. गिलावा झाल्यावर तो फरक गेला.

नव्या भिंतीला आठवडाभर पाणी मारावं लागतं, आणि आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांआड येतो. पाण्याचा हिशेब आईनं स्वतःकडं घेतला. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, कपडे विसळलेलं, सगळं बादलीत साठवून ती सकाळ-संध्याकाळ तांब्यानं भिंतीवर ओती. गुडघे दुखतात म्हणून मी तांब्या घ्यायला गेले की म्हणे, "तू जा कामाला. भिंत माजी हाय." पाणी मारता मारता ती तिथंच रेंगाळू लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी निघताना पाहिलं, पाट भिंतीलगत होता. तो मी टाकला नव्हता.

भाऊ फोनवर म्हणाला, "चार थर? एवढ्यानं काय होणार?" मी त्याला फोटो पाठवला. फोटोत तसं काही दिसत नव्हतं. आमचं अंगण आता रस्त्यापेक्षा बरंच खाली आहे, त्यामुळं आतून भिंत पावणेचार फूट लागते. रस्त्यावरून तीच अडीच फूट. पाठ टेकून पाटावर बसलेल्या माणसाचं डोकं तिच्यात बुडून जातं, आणि तरीही वळणावरून येणारी सायकल पूर्वीसारखीच दिसते. त्यानं विचारलं, मग चोरांचं काय? मी सांगितलं, फाटकाला नवं कुलूप लावलंय. तो म्हणाला, बरं. पुढच्या रविवारी त्यानं तो विषय काढला नाही.

जानेवारीतला एक रविवार होता. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या आणि पलीकडं रस्त्याच्या कडेला थांबल्या. अण्णांना जाऊन चार महिने झाले होते. त्या तेव्हा मुलीकडं नातेपुत्याला होत्या, परवाच परतल्या होत्या. त्यांनी आवाज बारीक केला.

"आता कळलं गं मला. कसं झालं एकाएकी? आई कुठाय?"

आई त्यांच्यापासून चार पावलांवर, भिंतीच्या अलीकडं होती. भिंतीला पाठ लावून, पाय उन्हात पसरून, मांडीवर अण्णांचा एक जुना स्वेटर घेऊन बसली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि फक्त बोटं हलवली. नाही म्हण.

"आई देवळात गेलीय," मी म्हणाले.

"बरं बरं. सावकाश येते मग. सांभाळ तिला," असं म्हणून बाई गेल्या. वळणापर्यंत मला त्या दिसत राहिल्या.

भिंतीखालून आई म्हणाली, "देवळात कशाला सांगितलंस? आता ती देवळात बघंल की मला."

"मग काय सांगायला हवं होतं?"

"झोपलीया म्हनायचं. येवडं शिकून साधी थाप बी मारता येत न्हाय." ती हसली, आणि हसताना तिचा आवाज फुटला. मग तिनं स्वेटर तोंडाशी धरला आणि ती मोठ्यानं रडू लागली. बाराव्यालाही ती अशी रडली नव्हती. रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं, शाळकरी पोरं सायकलवरून ओरडत गेली. कुणी थांबलं नाही, कारण कुणाला काही दिसत नव्हतं.

माझ्या हातात ओली चादर होती. मला पाणी आणावंसं वाटलं, तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. मी चादर दोरीवर टाकली, उरलेल्या कपड्यांची बादली तिथंच ठेवली, आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं.